श्टेफान वोल्पे : घराणे न मांडणारा गुरू

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेल्या संगीतकारांची यादी मोठी आहे. आर्नोल्ड शेनबर्ग, पाउल हिंडेमिट, कुर्ट वाइल ही त्यांतील नावे पाश्चात्त्य संगीताशी जुजबी ओळख असलेल्या वाचकालाही ठाऊक असतात. श्टेफान वोल्पे (१९०२–१९७२) हे नाव मात्र सहसा कानांवरून गेलेले नसते. बर्लिनमध्ये जन्मलेल्या, जेरुसलेममध्ये चार वर्षे काढलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये अखेरचा श्वास घेतलेल्या या पियानोवादक, रचनाकार आणि संगीतशिक्षकाची ओळख आज पुष्कळदा त्यांच्या शिष्यांवरून करून द्यावी लागते, आणि ते शिष्य एकमेकांसारखे तर नाहीतच, गुरूसारखेही नाहीत. अतिशय संथ, हळुवार आणि दीर्घ रचनांसाठी प्रसिद्ध असलेले मॉर्टन फेल्डमन हे वोल्पे यांचे शिष्य. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ या चित्रपटाचे संगीतकार एल्मर बर्नस्टीन हेही त्यांचेच शिष्य. ‘हाउंड डॉग’ या गाजलेल्या गाण्याच्या दोन कर्त्यांपैकी एक असलेले माइक स्टोलर यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले. आपल्याकडे गुरूची थोरवी त्याचे गाणे शिष्याच्या गळ्यात किती उतरले यावरून जोखण्याची रीत आहे, आणि त्या रीतीने पाहिले तर वोल्पे यांच्या पदरात फारसे काही पडणार नाही; परंतु ज्या गुरूकडून शिकून प्रत्येक शिष्य आपापल्या वाटेला लागला, त्याने नेमके काय शिकवले असेल, हा प्रश्न तेवढ्याच गंभीरपणे विचारण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर वोल्पे यांच्या भटकंतीच्या आयुष्यातच दडलेले आहे.

वोल्पे यांचा जन्म २५ ऑगस्ट १९०२ रोजी बर्लिनमध्ये, रशियातून आलेले वडील आणि व्हिएन्नाची आई अशा ज्यू कुटुंबात झाला. किशोरवयातच त्यांचे पियानोचे आणि संगीतशास्त्राचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १९२० साली त्यांनी बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयात प्रवेश घेतला, परंतु तेथील चाकोरी न मानवल्याने जेमतेम वर्षभरातच ते बाहेर पडले. त्या काळात बर्लिनमध्ये राहणारे थोर पियानोवादक आणि विचारवंत फेरुचो बुझोनी यांचा सहवास त्यांना लाभला आणि त्याचा ठसा उमटला हे खरे, तथापि त्यांच्या मनाची खरी मशागत संगीताच्या वर्गात झाली नाही. ती झाली वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत. वास्तुकला, चित्रकला, विणकाम, सुतारकाम या साऱ्यांना एका छपराखाली आणणाऱ्या या शाळेत योहानेस इटन नावाचे चित्रकार नवागतांचा पायाभूत वर्ग घेत असत, आणि त्या वर्गात विद्यार्थ्याच्या हाती थेट कुंचला न देता आधी लाकूड, लोकर, काच, कागद यांच्यासारखे पदार्थ देऊन त्यांचा खरखरीतपणा आणि गुळगुळीतपणा, जडपणा आणि हलकेपणा, उजेड आणि काळोख यांचे विरोध बोटांनी आणि डोळ्यांनी अनुभवायला लावत. चित्र काढण्याआधी पदार्थ ओळखावा, ही ती शिकवण होय. अठरा-एकोणीस वर्षांच्या वोल्पे यांनी ती मनात साठवली आणि पुढची पन्नास वर्षे स्वरांना लावली.

याच सुमारास युरोपात दादा नावाची कलाचळवळ जोरात होती. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर जुन्या संस्कृतीच्या प्रतिष्ठेवरचा विश्वास उडालेल्या कलावंतांनी तर्क, सौंदर्य आणि सुसंगती यांनाच मुद्दाम धक्का देण्याचा हा पवित्रा घेतला होता. वोल्पे यांनी १९६२ साली दिलेल्या एका व्याख्यानात आपल्या तरुणपणीच्या अशाच एका प्रयोगाची आठवण सांगितली आहे: आठ ग्रामोफोन एकाच वेळी सुरू करून त्यांवर बेटहोफेनच्या पाचव्या सिंफनीसारखे संगीत वेगवेगळ्या गतींनी वाजवायचे, म्हणजे एका तबकडीवर ते द्रुत तर दुसरीवर रेंगाळत चालायचे, आणि ऐकणाऱ्याच्या कानांवर सारे एकदमच आदळायचे. वरवर पाहता हा हूडपणा वाटेल, परंतु एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टी एकाच क्षणी, एकाच अवकाशात नांदू शकतात, हे जे भान त्यातून त्यांना आले, ते त्यांच्या प्रौढ वयातील अत्यंत काटेकोर रचनांमध्येही टिकून राहिले. दादा चळवळीशी संबंधित कवी कुर्ट श्विटर्स यांच्या ‘आन आना ब्लूमे’ या कवितेला त्यांनी १९२९ साली पियानो आणि गाणारा विदूषक यांच्यासाठी स्वरबद्ध केले, तेही याच वृत्तीतून.

मात्र १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बेकारी आणि नाझी पक्षाचा वाढता जोर पाहून वोल्पे डाव्या कामगार चळवळीकडे वळले. सभांत आणि मोर्चांत गाता येतील अशी समूहगीते, नृत्यपथकांसाठी संगीत आणि रस्त्यावरच्या माणसासाठी नाट्यसंगीत त्यांनी झपाट्याने लिहिले. दिग्दर्शक गुस्टाव्ह फोन वांगेनहाइम यांच्या ‘ट्रुप १९३१’ या नाट्यपथकाच्या ‘उंदराचा सापळा’ या नाटकाला त्यांनी दिलेले संगीत चांगलेच लोकप्रिय झाले. एकीकडे गिरणीतल्या कामगारालाही चटकन उचलता यावी अशी चाल आणि दुसरीकडे तयारीच्या पियानोवादकाचीही बोटे थकवणारी रचना, या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच निष्ठेने केल्या. त्यांपैकी एक खरी आणि दुसरी तडजोड, असे त्यांना कधी वाटले नाही, आणि हा दुपदरीपणा समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा होत नाही.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलरच्या हाती सत्ता आली आणि ज्यू, डावे आणि नवसंगीताचे पुरस्कर्ते अशा तिन्ही कारणांनी वोल्पे यांच्या जिवाला धोका निर्माण झाला. त्यांना बर्लिनमधून बाहेर काढण्याचे श्रेय रुमानियात जन्मलेल्या पियानोवादक इर्मा शेनबर्ग यांच्याकडे जाते. पुढे वोल्पे यांच्या पत्नी झालेल्या या स्त्रीने त्यांच्या हस्तलिखितांचीही सुटका केली. ती हस्तलिखिते मागे राहिली असती तर त्यांच्या तरुणपणातील कामाचा आज मागमूसही उरला नसता. मजल दरमजल करीत वोल्पे व्हिएन्नाला पोहोचले आणि १९३३ च्या शरद ऋतूत त्यांनी आंटोन वेबर्न यांच्याकडे काही महिने अध्ययन केले. वेबर्न हे आर्नोल्ड शेनबर्ग यांचे पट्टशिष्य आणि बारा स्वरांच्या रचनापद्धतीचे अत्यंत मितभाषी साधक होते. ही पद्धती मराठी वाचकाला आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगता येते. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे जे बारा स्वर सप्तकात मिळतात, त्यांपैकी कोणालाही षड्जाचे स्थान न देता सर्वांना समान मानायचे, त्यांची एक ठरावीक क्रमवारी लावायची आणि ती सरळ, उलट किंवा आरशातल्या प्रतिबिंबासारखी फिरवून त्यातून संपूर्ण रचना उभी करायची, असा तो नियम आहे. ज्या संगीतात तानपुऱ्याचा आधारच काढून घेतला आहे, त्यात श्रोत्याने कशाला धरून राहायचे, ही अडचण तेव्हाच्या युरोपीय श्रोत्यालाही तितकीच जाणवत होती. वोल्पे यांनी ही पद्धती आत्मसात केली, पण तिची पोथी होऊ दिली नाही.

ऑस्ट्रियातही थारा मिळेना, तेव्हा १९३४ साली वोल्पे आणि इर्मा ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाइनमध्ये गेले. योगायोग असा की बर्लिनच्या ज्या विद्यालयातून वोल्पे बाहेर पडले होते, तेथेच पुढे फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे शिकलेले वॉल्टर कॉफमन त्याच वर्षी मुंबईत आश्रयाला आले आणि आकाशवाणीच्या ओळखधुनीचे कर्ते म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव राहिले. नाझी राजवटीने उधळून लावलेले हे संगीतकार ज्या गावी पोहोचले तेथे त्यांनी शाळा, वाद्यवृंद आणि शिकवण्या उभ्या केल्या, ही त्या काळाच्या इतिहासातील फारशी न सांगितली जाणारी बाजू आहे.

बुडापेस्ट चतुष्क या चार तंतुवादकांच्या मेळाचे संस्थापक व्हायोलिनवादक एमिल हाउसर यांनी जेरुसलेममध्ये नुकतेच एक संगीत विद्यालय काढले होते, आणि वोल्पे तेथे रचनाशास्त्र शिकवू लागले. हायम अलेक्झांडर आणि हर्बर्ट ब्रुन हे पुढे नावारूपाला आलेले रचनाकार त्यांच्या या काळातल्या विद्यार्थ्यांपैकी होत. शहरात बारा स्वरांचे गणित आणि सामूहिक शेतीच्या वसाहतींत, म्हणजे किब्बुत्झमध्ये, शेतकऱ्यांच्या समूहगानासाठी सोपी हिब्रू गीते, असा बर्लिनचाच दुपदरी संसार त्यांनी येथेही मांडला. अरबी संगीताकडेही त्यांनी कान लावला आणि त्यातील एका लहानशा स्वरसमूहाभोवती पुन्हापुन्हा घोटाळत हळूहळू विस्तार पावणारी बढत त्यांना मोलाची वाटली. रागाच्या आलापीशी परिचय असलेल्या वाचकाला या आकर्षणाचे नवल वाटणार नाही. तेथल्या संगीतवर्तुळाला मात्र नव्या राष्ट्राच्या ओळखीला साजेसे, लोकधुनींवर बेतलेले, पचायला सोपे संगीत हवे होते. वोल्पे यांचे संगीत त्या चौकटीत बसत नव्हते आणि त्यांची डावी मतेही अनेकांना खुपत होती. त्यात १९३६ पासून अरबांच्या उठावामुळे सारा प्रदेश धुमसत होता. अखेर १९३८ साली वोल्पे दांपत्याने पुन्हा एकदा चंबूगबाळे आवरले आणि न्यूयॉर्क गाठले.

अमेरिकेतील पहिली वर्षे शिकवण्यांवर गेली. फिलाडेल्फियाच्या सेटलमेंट म्युझिक स्कूलमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्वतः चालवलेल्या समकालीन संगीताच्या शाळेत ते शिकवत. घरीही विद्यार्थ्यांची ये-जा असे. फेल्डमन त्यांच्याकडे १९४४ च्या सुमारास आले. त्यांच्या सांगण्यानुसार या शिकवणीत नियम, पाठ किंवा गृहपाठ यांपेक्षा वादच अधिक होत असत, आणि वर्षानुवर्षे वाद घालत राहणे हेच शिक्षण आहे, हे त्यांना पुष्कळ उशिरा उमगले. फेल्डमन यांनी सांगितलेला एक प्रसंग या गुरू-शिष्यांमधले अंतर नेमके दाखवतो. चौदाव्या रस्त्याच्या आणि सहाव्या हमरस्त्याच्या नाक्यावर, दुसऱ्या मजल्यावर वोल्पे यांची खोली होती. शिष्याचे संगीत फारच गूढ होत चालले आहे अशी तक्रार करीत गुरूने खिडकीकडे बोट दाखवून रस्त्यावरून जाणाऱ्या सामान्य माणसाचाही विचार करायला हवा असे बजावले, तेव्हा शिष्याने खाली डोकावून पाहिले तो रस्ता ओलांडत होते जॅक्सन पोलॉक, म्हणजे त्या काळातील सर्वांत बंडखोर अमूर्त चित्रकार. फेल्डमन यांनी गुरूचा तो सल्ला मानला नाही, आणि तरीही गुरूने त्यांना दूर केले नाही. उलट संगीतकार एदगार व्हारेझ यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांची ओळख त्यांना याच घरातून झाली.

जॅझ वादकांचेही वोल्पे यांच्याकडे जाणे-येणे होते. जॅझ म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतातून फुललेली, उत्स्फूर्त वादनावर उभी असलेली परंपरा. तिच्यातले जॉर्ज रसेल, एडी सॉटर, टोनी स्कॉट आणि ‘इझ्राएल’ या प्रसिद्ध रचनेचे कर्ते जॉनी कॅरिसी यांनी त्यांच्याकडे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. ही देवाणघेवाण एकेरी नव्हती. १९५० साली वोल्पे यांनी ट्रंपेट, टेनर सॅक्सोफोन, तालवाद्ये आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेल्या चतुष्कात वाद्यमेळ जॅझचा आहे आणि त्याची चपळाईही जॅझची आहे, मात्र त्यात जॅझची नक्कल कोठेही नाही.

वोल्पे प्रत्यक्ष शिकवत कसे, याचे सर्वांत जवळून घेतलेले चित्र अमेरिकी रचनाकार एलियट कार्टर यांनी आपल्या आठवणींत रेखाटले आहे. इंग्लंडमधील डार्टिंग्टन येथे उन्हाळी संगीतवर्ग भरत असत. तेथे कार्टर यांच्या वर्गात बोलण्यासाठी वोल्पे यांना बोलावले गेले आणि ते आपल्या ‘पासाकाल्या’ या पियानोरचनेविषयी सांगू लागले. खालच्या स्वरांत पुन्हापुन्हा येणाऱ्या एका आकृतीवर बांधलेल्या जुन्या रचनाप्रकाराला पासाकाल्या म्हणतात, आणि १९३६ साली जेरुसलेममध्ये लिहिलेल्या या रचनेत वोल्पे यांनी एकेक भाग एकेका स्वरांतरावर उभा केला होता. स्वरांतर म्हणजे दोन स्वरांमधील अंतर; षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतचे सर्वांत लहान आणि शुद्ध निषादापर्यंतचे सर्वांत मोठे, अशी ती उतरंड सप्तकाच्या आत बसते. वोल्पे पियानोपाशी बसले आणि त्यांनी पहिले, सर्वांत लहान अंतर वाजवले. मग तेच पुन्हा वाजवले, गुणगुणले, गर्जून म्हटले, हळू आणि जोरात, तुटक आणि लांबवून, जलद आणि संथ. आणि त्या एवढ्याशा दोन स्वरांतले सारे शक्य जीवन बाहेर आल्यावरच ते दुसऱ्या अंतराकडे वळले. शेवटच्या अंतरापर्यंत पोहोचायला सारी दुपार लागली, आणि तास केव्हा संपला याचे भान कोणालाच उरले नाही. कार्टर यांच्या मते त्या दुपारनंतर तेथल्या कोणाचेही ऐकणे पूर्वीसारखे राहिले नाही. वायमारच्या वर्गात लोकरीचा आणि काचेचा स्पर्श ओळखायला शिकलेला तरुण येथे पन्नाशी ओलांडून दोन स्वरांचा स्पर्श ओळखायला शिकवत होता. आणि पदार्थाची ओळख करून देणाऱ्या गुरूला शिष्याने त्या पदार्थाचे काय घडवावे हे ठरवून देण्याची गरजच उरत नाही.

वोल्पे यांच्या पियानोरचनांत ‘बॅटल पीस’ हिचे स्थान सर्वांत वरचे मानायला हवे. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना सुरू केलेली ही सात भागांची विस्तीर्ण रचना मध्येच अडली आणि १९४७ मध्ये पूर्ण झाली. लढाया, आशा, अडचणी, पुन्हा नव्या लढाया आणि नव्या आशा अशी तिच्या मूळ दीर्घ शीर्षकाचीच मांडणी होती. ती पूर्णत्वास नेण्यामागे डेव्हिड ट्यूडर या तरुण पियानोवादकाचा आग्रह होता, आणि १९५० साली तिचे पहिले जाहीर वादनही त्यांनीच केले. ट्यूडर पियानो इर्मा यांच्याकडे आणि रचना वोल्पे यांच्याकडे शिकले होते. पुढे जॉन केज यांची ‘चार मिनिटे तेहेतीस सेकंद’ ही प्रसिद्ध निःशब्द रचना १९५२ साली प्रथम सादर केली ती याच ट्यूडर यांनी, आणि त्या काळातील अमेरिकी नवसंगीताचा बराचसा भार त्यांच्या दहा बोटांवर उभा राहिला. येथे इर्मा वोल्पे यांचा स्वतंत्र उल्लेख न करणे अन्यायाचे ठरेल. जगद्विख्यात पियानोवादक गॅरिक ओल्सन हेही त्यांचे विद्यार्थी. पतीपासून विभक्त झाल्यावरही त्या पतीच्या रचनांचा कैवार घेत राहिल्या, आणि तरीही बहुतेक चरित्रलेखनात त्यांच्या वाट्याला एखाददुसरी ओळच येते.

१९५२ ते १९५६ या काळात वोल्पे नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात संगीताचे प्रमुख होते. बाउहाउसमधून आलेल्या योझेफ आल्बर्स यांच्या प्रभावाखाली घडलेले हे डोंगरातले लहानसे महाविद्यालय आर्थिकदृष्ट्या मरणपंथाला लागले होते. विद्यार्थी मूठभर, पगाराची शाश्वती नाही, अशी अवस्था होती. परंतु त्या निवांतपणात, तिसऱ्या पत्नी कवयित्री हिल्डा मॉर्ली यांच्या सहवासात, वोल्पे यांनी तीन पियानोंसाठी ‘इनॅक्टमेंट्स’ ही अफाट रचना पूर्ण केली आणि एकमेव सिंफनी लिहिली. १९५६ मध्ये ते जर्मनीतील डार्मश्टाट येथे गेले आणि युरोपातील तरुण रचनाकारांपुढे अमेरिकेतील नव्या संगीतावर व्याख्यान दिले. तेवीस वर्षांपूर्वी जीव मुठीत धरून ज्या देशातून पळावे लागले, त्याच देशात ते परक्या देशाचे प्रवक्ते म्हणून आणि मायबोलीवर हक्क असलेला माणूस म्हणून एकाच वेळी उभे होते.

या साऱ्यानंतरही मानसन्मान बेतानेच लाभला. १९५७ पासून लाँग आयलंडवरील सी. डब्ल्यू. पोस्ट कॉलेजातील नोकरीने थोडी स्थिरता दिली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने १९६४ साली त्यांची सिंफनी कार्यक्रमात घेतली, मात्र तालाच्या गुंतागुंतीमुळे तालमी पुरेनात आणि श्रोत्यांपर्यंत तिचे दोनच भाग पोहोचले. वोल्पे यांचे संगीत अवघड आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यात आठ ग्रामोफोनांचा तो जुना कल्लोळ गाळून, निथळून, एकेका स्वरापर्यंत सूक्ष्म झालेला असतो, आणि एका ऐकण्यात तो हाती लागत नाही. १९५९ च्या ‘फॉर्म’ या अवघ्या काही मिनिटांच्या पियानोरचनेपासून सुरुवात केली तर वाट थोडी सुकर होते.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना पार्किन्सनचा आजार जडला. हातापायांना कंप सुटणे, स्नायू ताठरणे आणि हालचाल मंदावत जाणे ही या मज्जासंस्थेच्या विकाराची लक्षणे. पियानोवादकाच्या हातांवर आणि बारीक अक्षरांत स्वरलेखन करणाऱ्या रचनाकाराच्या बोटांवर त्याचा घाला कसा पडला असेल, हे वेगळे सांगायला नको. तरीही लेखन थांबले नाही, ते विरळ झाले. आधीच्या रचनांतली दाटी जाऊन तेथे मोकळ्या जागा आल्या, आणि १९६९ सालच्या पियानोरचनेला त्यांनी ‘तुटलेले क्रम’ अशा अर्थाचे नाव दिले. १९७० मध्ये त्यांच्या राहत्या घराला आग लागली आणि बर्लिनहून, व्हिएन्नाहून, जेरुसलेमहून सांभाळत आणलेल्या हस्तलिखितांना तिची झळ पोहोचली. पुढच्याच वर्षी त्यांनी ट्रंपेट आणि सात वाद्यांसाठी एक नवी रचना पुरी केली. ४ एप्रिल १९७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. आगीतून वाचलेली कागदपत्रे आता स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील पाउल साखर प्रतिष्ठानात जतन केली आहेत. आणि त्यांची कन्या काथारिना, जी पहिल्या पत्नी, चित्रकार ओला ओकुनिएव्हस्का यांच्या पोटी १९३१ साली व्हिएन्नात जन्मली आणि बालपणीच वडिलांना दुरावली, ती लंडनमध्ये पियानोवादक म्हणून नावारूपाला आली आणि आपल्या मैफिलींत वडिलांच्या रचना वाजवत राहिली.